शब्दांचे कूळ आणि शब्दांचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शोधणाऱ्याची निराशा होते, असा त्यातला इशारा. शब्दांच्या बाबतीत मात्र माझा अनुभव निराळा आहे. शब्दाचे मूळ शोधावयास निघालेला मनुष्य वाटेत भलत्याच गावी मुक्कामाला जातो खरा, पण रिकाम्या हाताने सहसा परत येत नाही.

या शोधाचे निमित्त आपल्याच मंडळाच्या रविवारच्या वर्गात घडले. इंग्रजी पाचवी-सहावीच्या वयाचा एक मुलगा, ज्याचे खापरपणजोबा कोकणातून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसला ऊसतोडणीस गेले, मला म्हणाला, "बाई, आजीच्या भाषेतले शब्द फक्त स्वयंपाकघरात आणि देवघरातच चालतात का? विज्ञानाच्या पुस्तकात तर एकही नाही." प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्याने पाहिले तेच सांगितले. वर्गात बसलेल्या इतर मुलांनी, म्हणजे गयाना, त्रिनिदाद, फिजी अशा निरनिराळ्या वाटांनी या शहरात आलेल्या घरांतील मुलांनीही, माना डोलावल्या. मला त्या वेळी नीटसे उत्तर सुचले नाही. पुढे काही आठवडे मी शब्दकोश उघडून बसले, आणि जे हाती लागले ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

आरंभ आपल्या रस्त्यापासूनच करू. डेव्हन ॲव्हेन्यू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साड्यांची दुकाने, मिठाईच्या काचेच्या पेट्या, १९७४ साली याच रस्त्यावर उघडलेले पटेल बंधूंचे पहिले वाणसामानाचे दुकान आणि खांबावरची गांधी मार्गाची मानाची पाटी उभी राहते. पण डेव्हन हा शब्द कोणाचा? शिकागोचे जुने रहिवासी त्याचा उच्चार दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन 'डिव्हॉन' असा करतात. इंग्लंडातील मनुष्य त्याला हसेल. नाव या रस्त्याला कोणी व कसे दिले याच्या एकाहून अधिक कथा आहेत, परंतु सर्वांचा शेवट इंग्लंडच्या नैऋत्येकडील डेव्हन परगण्यात होतो, आणि त्या परगण्याचे नाव पडले तेथील डम्नोनी नावाच्या केल्टिक टोळीवरून. रोमन फौजांनी बेट जिंकले तेव्हा ही टोळी तेथे नांदत होती.

आता मौज पाहा. १८३९ साली ॲडम सेजविक आणि रॉडरिक मर्चिसन या दोन भूगर्भशास्त्रज्ञांनी डेव्हनमधील खडकांवरून पृथ्वीच्या एका प्राचीन कालखंडाला 'डेव्होनियन' असे नाव दिले. सुमारे ४२ कोटी ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचा हा काळ. त्याआधीचा काळ 'सिल्युरियन'. हे नाव मर्चिसनने १८३५ साली वेल्समधील सिल्युरीस टोळीवरून घेतले. त्याच्याही आधीचा 'ऑर्डोव्हिशियन', तो ऑर्डोव्हिसीस टोळीवरून, १८७९ साली. रोमनांपुढे हरलेल्या या तीन टोळ्या. त्यांच्या राजांची नावे आज इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज फारशी कोणाला ठाऊक नसतील. पण जगातील प्रत्येक देशाच्या भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला या टोळ्यांची नावे पाठ करावी लागतात. पाठ करताना ती माणसांची नावे आहेत हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही.

आपला रस्ता मात्र नावाने डेव्हन असला तरी त्याच्या पायाखाली डेव्होनियन खडक नाही. शिकागो शहराखालचा पाषाण सिल्युरियन काळातला आहे, उथळ उष्ण समुद्रात प्रवाळांनी रचलेला. म्हणजे वर पाटी एका टोळीची आणि खाली पाया दुसरीचा! शहराचे स्वतःचे नाव तर याहून साधे. येथील मूळच्या मायामी-इलिनॉय लोकांच्या भाषेतील 'शिकाक्वा' या शब्दापासून ते आले. अर्थ आहे रानात उगवणारी उग्र वासाची एक कांदावर्गीय वनस्पती. आपल्या आजीने श्रावणात वर्ज्य केले असते, अशा भाजीचे नाव हे शहर मिरवते आहे.

डेव्होनियन काळाला 'मत्स्ययुग' असेही म्हणतात, कारण त्या काळात समुद्रात माशांच्या जातींची विलक्षण वाढ झाली. याच युगाच्या उत्तरार्धातला, सुमारे ३७ कोटी ५० लक्ष वर्षांपूर्वीचा एक मासा २००४ साली कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समिअर बेटावर सापडला. शोधणाऱ्यांत शिकागो विद्यापीठाचे नील शुबिन हे एक प्रमुख. माशाला खवले आणि कल्ले होते, पण त्याच्या परांच्या आत खांदा, कोपर व मनगट यांची हाडे होती, आणि डोक्यामागे मान होती. पाण्यातून भूमीवर येण्याच्या उंबरठ्यावरचा हा जीव. त्याला ग्रीक नाव देणे सहज शक्य होते. पण ज्यांच्या भूमीत तो सापडला त्या इनुइट लोकांच्या वडीलधाऱ्यांकडे नाव मागण्यात आले आणि त्यांनी 'टिक्टालिक' असे नाव दिले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ गोड्या पाण्यातला मोठा मासा. २००६ साली ते शास्त्रात रूढ झाले. वर्गात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीने लगेच मत्स्यावताराची आठवण काढली. पुराणातील मासा शास्त्रात बसविण्याचा हट्ट मी धरीत नाही. तसे करणे दोघांवरही अन्याय आहे. पण ज्यांची भाषा बोलणारे थोडेच उरले आहेत अशा लोकांचा शब्द विज्ञानाने आदराने मागून घेतला, हे मुलांना कळावे असे मला वाटले.

आता आपल्या घरच्या शब्दाकडे वळू. ज्या पदार्थासाठी आपल्या पूर्वजांना सातासमुद्रापलीकडे नेले, त्या पदार्थाचेच नाव घ्या. संस्कृतात 'शर्करा'. या शब्दाचा मूळचा अर्थ गोड नाही. तो आहे वाळू, रेव, बारीक खडे. उसाचा रस आटवून दाणे पडले, ते रेवेसारखे दिसले, म्हणून ते नाव त्यांना मिळाले. प्राकृतात 'सक्खरा' झाले, त्यातून आपली 'साखर'. एका वाटेने तो शब्द ग्रीकांकडे जाऊन 'साखारॉन' आणि लॅटिनमध्ये 'सॅकरम' झाला. दुसऱ्या वाटेने फारशीत 'शकर', अरबीत 'सुक्कर' होत होत इंग्रजीत 'शुगर' होऊन बसला. लिनियसने १७५३ साली उसाचे शास्त्रीय नाव 'सॅकरम ऑफिसिनॅरम' असे ठेवले. पाव फुगविणाऱ्या किण्वाचे नाव 'सॅकरोमायसिस', म्हणजे साखरेवर जगणारी बुरशी. १८७९ साली बाल्टिमोर येथे डांबरापासून निघालेल्या एका पदार्थावर काम करता करता फालबर्ग नावाच्या रसायनज्ञाला जो अतिगोड पदार्थ सापडला, त्याचे नाव त्याने 'सॅकरिन' ठेवले. मधुमेही मनुष्य चहात ती गोळी टाकतो तेव्हा तोही प्राकृत शब्दच ढवळीत असतो. 'खंड' म्हणजे तुकडा, त्यापासून आपली खांड, फारशीचा 'कंद' आणि इंग्रजीतील 'कँडी'. मराठीने तर दोन्ही अर्थ एकाच शब्दात राखून ठेवले आहेत: खडीसाखर.

मॉरिशसकडील आपल्या घरांत एक दंतकथा वडीलधारे सांगत आले आहेत. भरती करणाऱ्याने गावात येऊन म्हटले की त्या बेटावर दगड उलटला की खाली सोने सापडते. दगड तर सापडले. ते उचलून शेताच्या कडेला रचून ठेवल्याशिवाय उसाला जमीन मिळत नव्हती, आणि त्या काळ्या दगडांचे ढीग उसाच्या मळ्यांत अजून दिसतात. शर्करेचा मूळ अर्थ मला कोशात प्रथम वाचावयास मिळाला तेव्हा मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

ज्या शिडाच्या जहाजांनी हे लोक नेले त्यांची नावे आपण शाळेत कधी नीट पाहिली नाहीत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात जे जहाज लागले त्याचे नाव 'ॲटलस'. ग्रीक पुराणात ॲटलस हा टायटन, म्हणजे आपल्या दैत्यांसारख्या जुन्या पिढीतला. देवांशी झालेल्या युद्धात तो हरला, आणि शिक्षा म्हणून आकाश खांद्यावर पेलून उभे राहण्याचे काम त्याला मिळाले. या शिक्षेला मुदत नव्हती. आपल्या लोकांच्या करारात निदान वर्षे लिहिलेली असत. मर्केटरचा नकाशासंग्रह १५९५ साली ॲटलस या नावाने प्रसिद्ध झाला, तेव्हापासून नकाशांच्या पुस्तकाला ते नाव पडले. अटलांटिक महासागराचे नावही त्याच्याच कुळातले. पण सर्वांत मार्मिक उपयोग शरीरशास्त्रात आहे. आपल्या पाठीच्या कण्याचा अगदी वरचा, कवटीचा भार वाहणारा जो मणका, त्याला वैद्यकात 'ॲटलस' म्हणतात. डोक्यावर उसाची मोळी घेऊन चालणाऱ्या बाईचा सारा भार ज्या हाडावर येतो तेच हे हाड.

५ मे १८३८ रोजी ब्रिटिश गयानाला पोहोचलेल्या दोन जहाजांपैकी एक 'व्हिटबी' आणि दुसरे 'हेस्परस'. हेस्परस म्हणजे ग्रीकांचा सायंतारा. सूर्यास्तानंतर पश्चिमेस दिसणारा जो शुक्र, तोच. कथाकारांनी त्याचा ॲटलसशी नातेसंबंध जोडला आहे. कोणी भाऊ म्हणतो, कोणी मुलगा. ॲटलसच्या मुली हेस्परिडीस पश्चिमेकडील बागेत सोन्याच्या फळांची राखण करीत. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही सोन्याची फळे म्हणजे संत्री-मोसंबी असावीत असे धरून जाड साल आणि आत रसाळ फोडी असलेल्या फळाच्या प्रकाराला 'हेस्परिडियम' असे नाव दिले, आणि सालीत सापडणाऱ्या एका द्रव्याला 'हेस्परिडिन'. तेव्हा सत्यनारायणाच्या पूजेत आपण जे संत्रे ठेवतो ते शास्त्राच्या भाषेत हेस्परिडियम आहे, आणि त्याचे नाव गयानाच्या पहिल्या जहाजाच्या गोत्रातले आहे. कलकत्त्याहून निघालेल्या त्या माणसांना जहाजाच्या कडेवर रंगविलेली अक्षरे वाचता येत नव्हती. सायंकाळी पश्चिमेस शुक्र मात्र त्यांना कधीतरी दिसला असणार, कारण तो ओळखावयास अक्षर लागत नाही.

फिजीचे पहिले जहाज 'लिओनिडास', १८७९ सालचे; ते नाव स्पार्टाच्या राजाचे. सुरिनामचे 'लाला रुख', १८७३ सालचे. ते एका इंग्रजी काव्यातील राजकन्येचे, आणि मूळ शब्द फारशी. असो.

जहाजांतून माणसे गेली तसे जनावरही गेले, आणि त्याचा शब्द तर निखळ आपला. इंग्रजी कोशात 'मंगूज' हा शब्द काढून पाहावा. त्याचे मूळ म्हणून मराठीचे नाव दिलेले आढळेल. आपला 'मुंगूस' पोर्तुगीजांनी उचलला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला. शेवटचा भाग इंग्रजी 'गूज' म्हणजे हंसवर्गीय पक्ष्यासारखा ऐकू येतो, म्हणून त्याचे अनेकवचन काय करावे याविषयी इंग्रज विद्यार्थी अजून घोटाळ्यात पडतात.

मुंगसाचे जुने शास्त्रीय नाव 'हर्पेस्टिस', ग्रीक भाषेत सरपटणारा. त्याच धातूपासून सापांच्या अभ्यासाचे शास्त्र 'हर्पेटॉलॉजी', आणि त्याच धातूपासून त्वचेवर सरपटत जाणाऱ्या रोगाचे नाव 'हर्पीस'. आपण मराठीत त्यातल्या एका रोगाला काय म्हणतो? नागीण! साप, नागीण आणि त्यांचा वैरी मुंगूस ही तिन्ही ग्रीकांनी एकाच दोरीला बांधली आहेत. एकमेकांना न भेटलेल्या दोन लोकसमूहांनी एका दुखण्यात एकच चाल पाहावी, याचे मला नवल वाटते.

आता या प्राण्याची कहाणी ऐका. उसाच्या मळ्यांत उंदीर माजले. १८७२ साली जमैकाच्या एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसे आणविली. त्यांची संतती इतर बेटांवर, आणि १८८३ साली हवाई बेटांवर नेण्यात आली. त्याच वर्षी फिजीतही मुंगूस सोडले गेले. म्हणजे मजुरांच्या मागोमाग त्याच मळ्यांत त्याच साखरेसाठी तेही पाठविले गेले. फरक एवढाच की कराराचा कागद त्याच्याकडून घेतला नव्हता. उंदीर बहुतेक रात्री फिरणारा आणि मुंगूस दिवसा, हे मळेवाल्यांच्या ध्यानी आले नाही. मुंगसाने पक्षी खाल्ले, कासवांची अंडी खाल्ली, कोंबड्या पळविल्या. काही वर्षांतच मालकांनी त्याला उपद्रवी ठरवून त्याच्या नावाने बोटे मोडावयास सुरुवात केली. अमेरिकेने १९०० साली लेसी कायदा केला, त्यात परवान्याशिवाय देशात आणू नयेत अशा प्राण्यांत मुंगसाचे नाव स्पष्ट घातले आहे. ज्याला आपल्या कामासाठी आणले त्यालाच पुढे नकोसा म्हणावयाचे, हा प्रकार आपल्या घरांतील म्हाताऱ्यांना अपरिचित नव्हता. प्राण्याला बंदी झाली, शब्दाला झाली नाही. तो केव्हाच आत येऊन बसला होता.

देवादिकांची नावेही शास्त्रात आहेत, पण त्यांचा विस्तार करीत नाही. शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या जिराफकुळातील प्रचंड प्राण्याला १८३६ साली 'शिवथेरियम' हे नाव मिळाले. पुढे 'ब्रह्मथेरियम' झाले, 'विष्णुथेरियम'ही झाले, आणि त्रिमूर्ती पुरी झाली. याच टेकड्यांतील एका वानराला 'शिवपिथेकस' आणि १९३४ साली दुसऱ्याला 'रामपिथेकस' म्हटले गेले. हा दुसरा मानवाचा पूर्वज असावा असे अनेक वर्षे शिकविले जाई. पुढे अधिक अवशेष मिळाल्यावर तो पहिल्याच जातीतला ठरला आणि राम शिवात विलीन झाला. आपल्या कीर्तनकारांना हे आधीच ठाऊक होते म्हणावयाचे! आपल्या हनुमान वानराचे शास्त्रीय नाव 'सेम्नोपिथेकस एंटेलस'. पहिला शब्द ग्रीक, अर्थ पूज्य वानर. दुसरा व्हर्जिलच्या महाकाव्यातील एका वृद्ध मल्लाचा, जो म्हातारपणी आखाड्यात उतरून तरुणाला हरवितो. कच्छमध्ये सापडलेल्या, सुमारे ४ कोटी ७० लक्ष वर्षांपूर्वीच्या महाकाय सर्पाला २०२४ साली 'वासुकी' हे नाव दिले गेले. नर्मदेकाठचा 'राजासॉरस' २००३ सालचा. त्याला नाव देणाऱ्यांत आपल्या शिकागो विद्यापीठाचे पॉल सेरेनो होते. याच विद्यापीठात १९३७ पासून शिकविणाऱ्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्यावरून १९९९ साली अवकाशात सोडलेल्या दुर्बिणीचे नाव 'चंद्रा' पडले.

त्या मुलाला मी जे पहिले उदाहरण सांगितले ते मात्र यांपैकी नव्हे. ते होते 'एक'. रशियन रसायनज्ञ मेंडेलीव्ह याने मूलद्रव्यांची सारणी मांडली तेव्हा तीत काही घरे रिकामी राहिली. १८७१ साली त्याने त्या घरांतील न सापडलेल्या द्रव्यांचे गुणधर्म आधीच सांगून टाकले आणि त्यांना तात्पुरती नावे दिली: एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन. सारणीत त्या द्रव्याच्या खाली एक घर, म्हणून संस्कृत 'एक'. दोन घरे खाली असल्यास 'द्वि'. त्याच्या शहरात, सेंट पीटर्सबर्गमध्ये, पाणिनीच्या व्याकरणाचा संपादक बोटलिंक राहत असे. त्याच्या सहवासाचा हा परिणाम असावा असा विद्वानांचा तर्क आहे. १८७५ साली गॅलियम, १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले आणि भाकिते खरी ठरली. नावे बदलली, पण अद्याप न सापडलेल्या ११९ व्या मूलद्रव्याला रसायनज्ञ आजही 'एक-फ्रान्सियम' म्हणतात. मुलगा म्हणाला, "म्हणजे आजी पाढे म्हणते तो एक?" तोच.

आणखी एका शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यात बिहार आणि महाराष्ट्र एकत्र येतात. २५ ऑगस्ट १८६५ रोजी गया जिल्ह्यातील शेरघाटी येथे आकाशातून एक दगड पडला. ज्या भागातून गिरमिटियांच्या टोळ्या निघत त्यांपैकीच हा भाग. त्या दगडात एक काचेसारखा पदार्थ होता; १८७२ साली त्याला एका इंग्रज खनिजतज्ज्ञाच्या नावावरून 'मास्केलिनाइट' म्हणण्यात आले. फेल्डस्पार नावाच्या खनिजावर प्रचंड आघात झाला की न वितळताच त्याची अशी काच होते. पुढे कळले की तो दगड मंगळावरून आलेला आहे, आणि तशा सर्व दगडांच्या वर्गाला आता 'शेरगोटाइट' म्हणतात. बिहारमधील गाव इंग्रजी उच्चाराने मंगळाला जाऊन पोहोचले.

तोच मास्केलिनाइट बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या विवरात सापडतो. काळ्या दगडात अशनीपाताने झालेले ते विवर, आणि आत खारे पाणी. लोणार या नावात लवण आहे. स्थानिक कथा अशी की लवणासुर नावाचा दैत्य तेथे भूमीखाली दडून राहत असे आणि विष्णूने त्याचा वध केला. गावात दैत्यसूदनाचे सुंदर जुने मंदिर आहे. वरून मोठा आघात होऊन भूमी फुटली, एवढे कथा सांगते आणि काचही सांगते.

शेवटी ज्या शब्दाला मी टाळीत आले तो. 'कुली'. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांना तो तोंडावर ऐकावा लागला. कोश त्याच्या दोन व्युत्पत्ती देतात. एक, पश्चिम किनाऱ्यावरील कोळी समाजाच्या नावावरून, जो पोर्तुगीजांनी उचलला. दुसरी, तमिळ 'कूली' म्हणजे मजुरी यावरून. मला दोन्ही प्रवाह बंदरांवर मिसळले असावेत असे वाटते. पहिली खरी असेल तर तो समुद्रावर जाळे टाकणाऱ्या स्वाभिमानी लोकांचे नाव आहे. दुसरी खरी असेल तर तो श्रमाच्या मोबदल्याचा शब्द आहे. शिवी दोन्हींत नाही. ती नंतर, बोलणाऱ्यांनी घातली. 'ॲग्रीमेंट'चे 'गिरमिट' करणाऱ्या आपल्या लोकांनी परकी शब्दाला इतकी वाईट वागणूक दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

रविवारच्या वर्गातील मुलांनी आता एक वही घातली आहे. तीत घरी ऐकलेले, पण कोशात न सापडणारे शब्द लिहावयाचे आहेत: मळ्यातल्या अवजारांची नावे, पदार्थांची नावे, झाकरीच्या गाण्यांत येणारे शब्द, आजी रागावली म्हणजे वापरते ते. ज्यांच्या घरी जुन्या इमिग्रेशनच्या दाखल्यांच्या प्रती असतील, त्यांनी त्यांतील गावांची आणि माणसांची नावे कारकुनाने जशी लिहिली तशीच उतरवून द्यावीत. ती वाचून दुरुस्त करण्याचे काम आम्ही करू. आजवर वहीत ४३ शब्द जमले आहेत. त्यांपैकी ११ शब्दांचा अर्थ मला सांगता आलेला नाही, आणि वाचकांपैकी कोणास तो ठाऊक असल्यास रविवारी दहा वाजता वर्गात यावे.